शेवटी तिथीनेच केला, अण्णा

अण्णा, काल सईचा वाढदिवस झाला. तिथीने. नीट ऐकून घ्या, कारण हे मी पुन्हा कबूल करणार नाही. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, चौथा वाढदिवस, घरच्या घरी, तुमच्या त्या जर्मनच्या पातेल्यात भाजलेल्या केकवर. चार वर्षं आपण सासरा-सून ज्या एका गोष्टीवरून भांडत आलो त्यात मी हरले, आणि हरले हे ऐकायला तुम्ही समोर नाही. याला काय म्हणायचं? भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची रीत नव्हती हो.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. संकष्टीच्या सकाळी दूध आणलंत, पिशवी ओट्यावर ठेवलीत, "मनीषा, आज उपास, मला नुसता चहा," म्हणालात आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसलात. मी चहा गाळून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. कप कितीतरी वेळ माझ्या हातातच होता. शेजारच्या ताईंनी तो काढून घेतला, तेव्हा मला समजलं की मी ओरडत होते.

बाकीचं सगळं लोकांनी बोलून झालंय. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं पत्र्याचं काम केलं, कोणाचं वाईट चिंतलं नाही, अगदी देवमाणूस. ऐकून माझा जीव उबगला. देवमाणूस कसले? हट्टी होतात तुम्ही. एक नंबरचे हट्टी. तुमच्याबद्दल बोलायचं तर वाढदिवसांबद्दल बोलायला हवं, आणि ते बोलायचा हक्क माझा आहे, कारण त्यावरून तुमच्याशी भांडायची हिंमत या घरात फक्त माझ्यात होती.

तुमचं म्हणणं साधं होतं. "तारीख हापिसाची. पगार, लाइटबिल, पोरांची शाळा, सगळं करा की तारखेनं. पण माणूस जन्माला आला तेव्हा आभाळात चंद्र केवढा होता, ते तिथी सांगते." माझं म्हणणं त्याहून साधं होतं. "अण्णा, जन्माच्या दाखल्यावर चार डिसेंबर आहे, चंद्र नाही. आणि तुमची तिथी काय एका जागी बसते का? कधी तीन दिवस आधी, कधी पंधरा दिवस नंतर. पोरीला कळायचं कसं आपण मोठे झालो ते?" यावर तुम्ही नाकावरचा चष्मा वर सरकवायचात. "तिला नाही कळलं तर मी आहे ना सांगायला."

म्हणून आपल्याकडे दरवर्षी दोन वाढदिवस व्हायचे. तारखेचा माझा. स्टेशनजवळच्या बेकरीतून तीन पेस्ट्री, वर एक मेणबत्ती, मोबाइलवर फोटो, की आटोपलं. तिथीचा तुमचा. तो मात्र पंधरा दिवस चालायचा.

मी उल्हासनगरला कापडाच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे तुम्ही मुद्दाम माझ्या ड्युटीच्या वेळेला यायचात, आणि ओळख न दाखवता थेट आमच्या सिंधी शेठसमोर उभे राहायचात. "साईं, नातीचा बड्डे हाय, कटपीसमधला एक अच्छा तुकडा दिखाव." शेठ हसायचे. "अरे बाबा, आपकी बहू यहीं खड़ी है, उसको बोलो ना." एकदा तर तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, "वो माल पहचानती है, भाव करना उसको नहीं आता." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्या ढिगात अर्धा तास हात घालून तुम्ही तो मोरपंखी तुकडा काढलात ना, तसला तुकडा मला रोज तिथे उभं राहूनही कधी दिसला नव्हता. शेठनी तुम्हाला तो जवळपास फुकटच दिला, वर चहा पाजला. त्या मोरपंखी फ्रॉकवर सईचे जितके फोटो आहेत तितके दुसऱ्या कशावर नाहीत.

आणि तुमचा केक! फरसाणवाल्याकडून तेलाचा रिकामा डबा आणायचा, पत्रा कापायच्या कात्रीने त्याची लांब पट्टी काढायची आणि ती वळवून आकडा करायचा. पहिल्या वर्षी १, मग २, मग ३. ताटावर तो आकडा उभा करायचा आणि खालून पीठ गळू नये म्हणून कडेने कणीक लिंपायची. आत रव्याचं मिश्रण, वर टुटीफ्रुटी. मग जर्मनच्या मोठ्या पातेल्यात तळाला वाळू, त्यावर ताट, त्यावर झाकण, झाकणावर वरवंटा. वरवंटा कशाला ते मला आजतागायत समजलेलं नाही. विचारलं की म्हणायचात, "वाफेला वाटायला नको की कोणाचं लक्ष नाही." केक निघाला की ती कडेची करपलेली कणीक तुम्ही स्वतः खायचात. "कारागिराची मजुरी," म्हणायचात, आणि कुडूम कुडूम करत तासभर खात बसायचात.

पत्र्याची धार मात्र तुम्ही कधी उघडी सोडली नाहीत. पट्टीची वरची-खालची कड पक्कडीने मुडपून, लाकडी हातोडीने ठोकून अशी गुळगुळीत करायचात की सई त्या आकड्यात हात घालून खेळायची. गॅलरीत बसून तुमची ठोकाठोक सुरू झाली की खालच्या मजल्यावरून हाक यायची, "अण्णा, वाढदिवस जवळ आला वाटतं!"

मेणबत्तीवरून आपलं निराळंच वाजायचं. "पोरीच्या वाढदिवसाला दिवा विझवायचा? मी असेतोवर नाही." मी म्हटलं, अहो पण मुलांना फुंकर मारायला आवडतं. यावर तुम्ही दोन दिवस विचारात पडलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या कॅलेंडरची पानं कापायला घेतलीत. एकेका पानाची चार-चार भिरभिरी, टाचणीने खराट्याच्या काडीवर बसवलेली. मजल्यावरच्या सगळ्या पोरांना एकेक. औक्षण झालं, निरांजन देवापुढे ठेवलं, आणि तुम्ही ओरडलात, "आता मारा फुंकर!" वीस पोरं गाल फुगवून भिरभिऱ्यांवर तुटून पडली. दिवा तेवत राहिला आणि फुंकरही झाली. मी तेव्हा नुसती बघत होते. तुम्हाला शाबासकी द्यायला हवी होती. दिली नाही. म्हटलं, "कचरा कोण काढणार आता?"

भिरभिऱ्यांसाठी म्हणून तुम्ही एकही कॅलेंडर टाकू द्यायचा नाहीत. नवं आलं की जुन्याच्या वर, त्याच खिळ्यावर. त्यातूनच तो घोटाळा झाला. आठवतो ना? नाही आठवत म्हणू नका. सईच्या दुसऱ्या वाढदिवसाला तुम्ही डिसेंबरचं पान उलटलंत ते खालच्या कॅलेंडरचं, म्हणजे मागच्या वर्षीचं. तिथल्या अष्टमीची तारीख बघून सगळ्या मजल्याला आमंत्रण केलंत. अष्टमी होऊन अकरा दिवस झाले होते, अण्णा! ओवाळायला आलेल्या शेजारच्या ताई म्हणाल्या, "अण्णा, आता तर दत्तजयंतीसुद्धा होऊन गेली." हातातलं केकचं ताट तसंच धरून तुम्ही भिंतीपाशी गेलात. वरचं पान बघितलंत, खालचं बघितलंत. मग वळून म्हणालात, "पंचांग चुकलंय." आम्ही हसून हसून खाली बसलो. वर्षभर मी तुम्हाला चिडवलं. दूध नासलं, पंचांग चुकलंय. गाडी चुकली, पंचांग चुकलंय. तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत ते नाहीतच.

इथपर्यंत लिहायला सोपं होतं. आता जे लिहायचंय त्यासाठीच खरं तर बसलेय.

ऑक्टोबरमध्ये आपण सईच्या बालवाडीतल्या रियांशच्या वाढदिवसाला गेलो. खरवईच्या बाजूला ते नवीन कॉम्प्लेक्स झालंय, त्यांच्या क्लबहाऊसमध्ये. दारात फुग्यांची कमान, माइक घेऊन खेळ खेळवणारा माणूस, केकवर पोराचा फोटो. तुम्ही एका कोपऱ्यात प्लेट घेऊन उभे होतात आणि मला कानात म्हणालात, "केक चांगला आहे, पण ह्याला कणीक नाही." मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात किडा शिरला होता. नोव्हेंबरात मी कात्रपला एक छोटा हॉल बघून आले आणि रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं की या वर्षी वाढदिवस एकच. तारखेला. हॉलमध्ये.

तुमचा महेश तेव्हा कंपनीतून आला नव्हता. तुम्ही आणि मीच होतो. तुम्ही म्हणालात, "कर की तारखेला. तिथीला मी माझं घरात करतो. पट्टी कापायला घेतलीय." आणि मला कसला राग आला कोण जाणे. म्हटलं, "अण्णा, आता बास. पत्र्याच्या पट्टीतला केक आणि रद्दीची भिरभिरी. लोक काय म्हणत असतील?"

"कोण म्हणालं त्याचं नाव सांग. त्याला दोन तुकडे जास्त देऊ."

"चेष्टा नको. तुमची हौस होते आणि मान आमची खाली जाते. आम्हाला लाज वाटते."

तुम्ही चष्मा काढलात. सदऱ्याच्या टोकाने पुसलात. "आम्हाला म्हणजे? महेशला पण?"

मी म्हटलं, "हो."

खोटं होतं ते, अण्णा. महेशने असं कधी म्हटलं नव्हतं. त्याच्या मनातही नव्हतं. मी माझी लाज तुमच्या मुलाच्या तोंडी घातली, कारण मला ठाऊक होतं की माझ्या बोलण्याला तुम्ही उत्तर द्याल, त्याच्या बोलण्याला देणार नाही. आणि तुम्ही दिलं नाहीत. "बरं," म्हणालात, भात संपवलात, ताट उचलून ठेवलंत. त्यानंतर गॅलरीतली ठोकाठोक मला ऐकू आली नाही. दहा दिवसांनी संकष्टी आली. रोज वाटायचं आज सांगू, उद्या सांगू, की अण्णा, ते मी रागात बोलले होते. एकाच घरात राहून, एकाच टेबलावर जेवून दहा दिवस मी ते बोलू शकले नाही.

चार डिसेंबर आला तेव्हा तुमचा पाचवा दिवस होता. घरात सुतक, देवाला दिवा नाही. महेश भिंतीला टेकून बसलेला, डोक्यावर केस नाहीत, दाढी वाढत चाललेली. खरवईहून महेशच्या काकू येऊन राहिल्या होत्या, स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. सई उठली ती थेट माझ्याकडे आली. बालवाडीतल्या बाईंनी आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं, उद्या तुझा हॅपी बर्थडे. ती हळूच म्हणाली, "मम्मी, आज माझा बर्थडे आहे ना? की आजोबा गेले म्हणून कॅन्सल?"

चार वर्षांच्या पोरीने "कॅन्सल" म्हटलं हो. महेशने मान भिंतीकडे फिरवली. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य बाहेर पडलं. "आज नुसती तारीख आहे गं. वाढदिवस तिथीला असतो."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "पण तिथी तर आजोबा सांगतात."

"या वर्षीपासून मी सांगणार."

बोलून तर बसले. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढायला गेले.  डिसेंबरचं पान उघडलं तर अष्टमीभोवती तुमच्या लाल पेन्सिलीचा गोल आणि शेजारी बारीक अक्षरात "सई – ४". जानेवारीत कॅलेंडर लावल्याच्या दिवशीच करून ठेवलं असणार तुम्ही, नेहमीसारखं. यंदा अधिक श्रावण आला म्हणून तिथी सोळा दिवस पुढे गेली होती. म्हणजे तेराव्याच्याही पुढे. तारखेने वाढदिवस सुतकात बुडाला होता आणि तुमच्या तिथीने तो अलगद उचलून पलीकडे नेऊन ठेवला होता.

पण काकूंना ते पटेना. तेराव्याला गोड जेवण झालं, पाहुणे गेले, आणि मी विषय काढला तशा त्या भडकल्या. "अगं, घरातला कर्ता माणूस गेलाय. वर्षभर घरात तोरण लागत नाही. आणि तू पोराटोरांना बोलवून केक कापणार? आमच्या खरवईत असं केलं तर माणसं उंबऱ्यावर पाय ठेवायची नाहीत. भावजींना काय वाटंल?"

एरवी मी दोन उलट ऐकवली असती. तुम्ही असतात तर डोळ्यांनी "गप्प" म्हणाला असतात. मी कॅलेंडर त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकूंना फार वाचता येत नाही, पण लाल गोल ओळखायला काय लागतं? आणि तुमचा ४ त्यांनी ओळखला. बोट ठेवून विचारलं, "हे भावजींनी केलंय?"

"जानेवारीत केलंय."

काकूंनी पानावरून हात फिरवला. मग पदराने नाक पुसलं. "थोरल्या माणसानं दिवस ठरवून ठेवलाय तर मी कोण मोडणारी? तोरण नको लावू. बाकीचं कर." आणि उठता उठता म्हणाल्या, "रवा किती लागतो ग त्या केकला? मी भाजून देते."

आता साचा. ४ ची पट्टी कुठे दिसेना. गॅलरीत नाही, कपाटावर नाही. महेशला माळ्यावर चढवलं. तुमच्या हत्यारांच्या पेटीमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली मिळाली. आकडा वळवून झाला होता. ती खालची गाठसुद्धा, जिथे पत्रा मोडतो म्हणून तुम्ही काळजीत होतात, ती अगदी सुबक बसली होती. पण धार अर्धीच मुडपलेली. अर्धा आकडा गुळगुळीत, अर्ध्याला हात लावला तर कापेल असा.

तिथे थांबलात, अण्णा. त्या रात्री मी बोलले म्हणून थांबलात, की नुसतं उद्यावर टाकलंत आणि उद्या आला नाही? हे मला कधीच समजणार नाही. ती पट्टी हातात घेऊन मी माळ्याच्या शिडीखाली बसले आणि महेशला सगळं सांगून टाकलं. काय बोलले, काय खोटं बोलले, त्याचं नाव कसं घेतलं. म्हटलं, आता तुला जे बोलायचं ते बोल.

तो उठला. पेटीतून तुमची पक्कड आणि हातोडी काढली, गॅलरीत जाऊन तुमच्या खुर्चीत बसला आणि राहिलेली धार मुडपायला लागला. तेरा दिवसांत त्याने हाताने केलेलं ते पहिलं काम. जरा वेळाने म्हणाला, "मी लहान असताना अंबरनाथला चाळीत राहायचो, तेव्हा माझ्या वाढदिवसालापण करायचे. आकडे नाही, गाडी, विमान. वर्गात मी एकटाच होतो ज्याने विमान खाल्लं होतं. मला लाज? अगं, मी कॉलर ताठ करून फिरायचो."

मला रडू फुटलं. म्हटलं, हे त्यांना सांगायला हवं होतं रे. त्यांनी माझं खरं मानलं असेल.

"नाही मानलं," महेश म्हणाला. मान वर न करता, ठोकत ठोकत. "तू खोटं बोललीस की कानातलं चाचपतेस. लग्नानंतर महिन्याभरात हे अण्णांनीच मला सांगितलं होतं."

अण्णा, हे खरं आहे का? म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी "बरं" म्हणून भात संपवलात? मग दहा दिवस मी चहा देताना कशी चाचरत होते, तेही बघत असणार तुम्ही. बघून मिशीत हसतही असाल. मला असं वाटतंय. मला असंच वाटू द्या.

खालच्या मजल्यावरून हाक आली. कोणीतरी ठोकाठोक ऐकून सवयीने "अण्णा..." म्हणून सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. महेशने गॅलरीतून वाकून सांगितलं, "हो, वाढदिवस जवळ आलाय. बुधवारी या."

आणि काल सगळे आले. काकूंनी भाजलेला रवा, तुमचं पातेलं, तुमची वाळू. झाकणावर वरवंटा मी आठवणीने ठेवला. ४ कडेने थोडा करपला, गाठीपाशी जरा चिकटला, पण निघाला तो अख्खा निघाला. फ्रॉक मी शिवला. शेठना तुमचं कळलं तेव्हा ते स्वतः ढिगापाशी गेले होते. "बाबा जैसा ढूँढना मुझे नहीं आता," म्हणाले, पण तांबूस रंगाचा एक सुरेख तुकडा काढून दिलाच. मी भाव केला नाही. त्यांनीही सांगितला नाही.

रियांशलाही बोलावलं होतं. त्याची आई आली, नीटनेटकी, हातात गिफ्टची चकचकीत पिशवी. आपल्या एका खोलीत पंधरा-वीस पोरं, चटईवर कुरमुऱ्यांचा चिवडा, भिंतीला तोरण नाही. महिन्यापूर्वी या एका क्षणाच्या भीतीने मी तुम्हाला काय काय बोलले होते. ती केकपाशी वाकली. "हा मराठी चार! किती क्यूट. कुठून ऑर्डर केलात?"

आणि मी, अण्णा, मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ऑर्डर नाही केला. आमच्या सासऱ्यांचा साचा आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी हाताने केलाय. हात लावून बघा, कुठे कापतं का. तीस वर्षं पत्र्याचं काम केलंय त्यांनी, असा हात अख्ख्या बदलापुरात मिळणार नाही." तिने खरंच शेजारी ठेवलेल्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठे तुमची मुडप संपते आणि कुठे महेशची सुरू होते, तिला कळलं नाही. मला कळलं, पण मी सांगितलं नाही. महेश दारात उभा होता. त्याची कॉलर ताठ होती.

मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी रियांशचा पाच करून द्याल?" बघा! तुमचं गिऱ्हाईक. मी महेशकडे बोट दाखवलं. म्हटलं, यांना विचारा, धंदा आता यांच्याकडे आहे.

भिरभिरी मी आणि सईने केली. जुनी पानं पुरली नाहीत म्हणून यंदाचीही घेतली, डिसेंबर सोडून. त्या पानांवर तुमचं अक्षर होतं. "दूध दीड", "गॅस लावला", "सईला ताप", "मनीषा पगार", "महेश नाइट". कापताना कात्री अडखळली. काकू म्हणाल्या, ठेव ग, आठवण राहील. मी म्हटलं, नाही काकू, ज्यासाठी ते जपून ठेवायचे त्यासाठीच वापरू. काकूंनी ओवाळलं, निरांजन देवापुढे ठेवलं. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण आता ओरडायचं कोणी ते कोणालाच माहीत नव्हतं. मी घसा साफ केला. तेवढ्यात सई पाटावर उभी राहिली आणि अगदी तुमच्यासारखी, हात वर करून ओरडली, "आता मारा फुंकर!"

तुमचं अक्षर घरभर फिरलं, अण्णा. निरांजन तेवत होतं. मला तुमचा इतका अभिमान वाटला की रडायचं राहूनच गेलं. कडेची करपलेली कणीक सईने मागितली. "कारागिराची मजुरी," म्हणाली आणि कुडूम कुडूम करत कोपऱ्यात खात बसली. कचरा आज सकाळी मी काढला. कटकट केली नाही.

आता एक शेवटचं. आज दुपारी पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आणलं. तुमची लाल पेन्सिल घेऊन बसले. तुमचं वर्षश्राद्ध येणार कार्तिक वद्य चतुर्थीला, त्याच्यावर खूण केली. श्राद्ध तिथीनेच असतं, तिथे माझं तारखेचं काही चालत नाही. मग विचार आला की सईचा वाढदिवस तारखेला धरला, तर तुमची तिथी दरवर्षी सरकत सरकत एखाद्या वर्षी नेमकी चार डिसेंबरला येऊन बसेल. पोरीला ओवाळू की तुमचं पान वाढू? अंगावर काटाच आला.

पण दोन्ही तिथीने धरलं तर तसं कधीच होणार नाही. अधिक महिना येवो, काही होवो, दोघं एकत्रच सरकणार. आधी तुम्ही, मग ती. मध्ये एकोणीस तिथ्या, रडून डोळे पुसायला आणि पत्रा कापायला पुरेशा. हेच सांगत होतात का चार वर्षं? नसाल सांगत. पण आता मला असंच ऐकू येतंय.

म्हणून अष्टमीला गोल केला आणि शेजारी लिहिलं, "सई – ५". नवं कॅलेंडर जुन्याच्या वर लावलेलं नाही, त्याला वेगळा खिळा ठोकलाय. एकोणीस तिथ्या दोनदा मोजल्यात. आणि पान नव्याचंच बघितलंय, अण्णा. पंचांग चुकलेलं नाही.